तुटलेल्या कामाकडे परत कसं यावं

पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, साडेसातला मुलांची शाळा, नऊच्या सुमाराला मासळीवाली, दहाला कुरिअरवाल्याचा फोन, अकराला पेज. गोव्यातल्या घरात सलग तीन तास शांतता मिळेल या भरवशावर कोणी कामाचं वेळापत्रक आखलं, तर ते पहिल्याच दिवशी मोडतं. मग माणूस स्वतःला दोष देतो: आपल्याला चिकाटी नाही, आपलं मन चंचल. बहुतेक वेळा दोष आखणीत असतो. दार वाजणारच आहे असं धरून आखणी करावी लागते. जे रोज येऊन काम तोडतं त्याला आधीच ठरलेली वेळ द्यायची, आणि जे अवेळीच येणार त्याच्यानंतर कामावर परतणं सोपं करून ठेवायचं. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी तीन दिवस नुसती नोंद

पाठकोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काम कशाने थांबलं, तिसऱ्यात पुन्हा डोकं लागायला अंदाजे किती मिनिटं गेली. प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर: बाहेरून आलं तर 'बा', आपणच उठलो किंवा आपणच फोन उचलला तर 'आ'. ही नोंद फोनवर ठेवू नका. नोंदीसाठी फोन हातात घेतला की तिथेच पुढची नोंद तयार होते. तीन दिवसांत एक दिवस बाजाराचा असू द्या, म्हापशाकडच्यांनी शुक्रवार धरावा. या काळात सवयी बदलायच्या नाहीत, नाहीतर नोंद खोटी पडते.

चौथ्या दिवशी कागद समोर घेऊन बसा. ज्या 'बा' नोंदी रोज साधारण एकाच वेळी येतात त्यांच्याखाली रेघ मारा. त्यांना वेळ ठरवून देता येते. अवेळी येणाऱ्या 'बा' नोंदी, म्हणजे शेजारी, फोन, गेलेली वीज, यांच्यासाठी खाली सांगितलेली चिठ्ठी. मग 'आ' मोजा. ते अर्ध्याहून जास्त निघाले, तर घरच्यांशी बोलण्याआधी फोनची व्यवस्था लावा. क्रम उलटा झाला की घरच्यांना बंधनं आणि आपल्या हातात मात्र फोन, असं चित्र होतं, आणि ते कोणी फार दिवस ऐकून घेत नाही.

परतीची चिठ्ठी

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच घुटमळत राहतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. पुढे २०१८ मध्ये तेरेसा ग्लॉम यांच्यासोबत त्यांनी त्यावरचा उपायही तपासला: उठण्यापूर्वी आपण कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं, हे थोडक्यात लिहून ठेवलं तर ते घुटमळणं कमी होतं.

चिठ्ठी दोन ओळींची असते. पहिली ओळ 'इथवर', दुसरी 'पुढचं पाऊल'. हिशेबाचं काम असेल तर अशी: 'इथवर: ऑगस्टची बिलं ३४ पर्यंत चढवली. पुढचं पाऊल: बिल ३५ वर जीएसटी क्रमांक नाही, दुकानदाराला विचारणे.' अभ्यास असेल तर: 'इथवर: तिसऱ्या प्रकरणातली उदाहरणं १ ते ६ सोडवली. पुढचं पाऊल: सातव्याची आकृती काढणे.' लिहायला वीस-तीस सेकंद लागतात. दारातल्या माणसाला "आले हं" म्हणून तेवढा वेळ सहज मिळतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'बिलं करायची आहेत' असं लिहिणं. ती चिठ्ठी नव्हे, ते नुसतं ओझं. परतल्यावर कुठून सुरू करायचं हा निर्णय पुन्हा घ्यावा लागतो, आणि निर्णय घ्यायचा कंटाळा आला की हात फोनकडे जातो. पुढचं पाऊल इतकं लहान असावं, की खुर्चीत बसताक्षणी विचार न करता ते सुरू करता यावं.

चिठ्ठीसाठी एक शिवलेली वही ठेवा. सुटे कागद पंख्याखाली उडतात. वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधा. पावसाळ्यात कागद दमट होतो, त्यावर बॉलपेन अडखळतं आणि शाई फुटते, पेन्सिल मात्र चालते. धावतच उठावं लागलं तर संगणकावर थांबल्या जागी 'इथे' एवढाच शब्द टाइप करा. परतल्यावर तोच शब्द शोधा.

दिवसाला दोन बैठका

डोकं लावून करायच्या कामाच्या दोन बैठका दिवसाला पुरतात. पहिला आठवडा प्रत्येकी चाळीस मिनिटांची बैठक, दुसरा आठवडा पन्नास, आणि जमलं तर पुढे सत्तर. सुरुवातीलाच दोन-दोन तासांची बैठक लावणारे आठवड्याभरात सोडून देतात, कारण एक दार वाजलं की अख्खी बैठक वाया गेली असं वाटतं. चाळीस मिनिटांची बैठक तुटली तर दुसरी मांडता येते. फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी रूढ केलेली पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोदोरो पद्धत कंटाळवाण्या कामाला उत्तम. लेखन, आराखडे, प्रोग्रामिंग अशा कामांत पंचवीस मिनिटांनी जेमतेम तंद्री लागलेली असते, तिथे घंटा वाजवणं नुकसानीचं.

बैठक कुठे बसवायची? गोव्यात बहुतेक शाळा सकाळच्या. मुलं बाहेर पडल्यापासून पेजेपर्यंतचा वेळ घरून काम करणाऱ्यांसाठी दिवसातला सगळ्यांत मोलाचा. तो वेळ ईमेल वाचण्यात घालवू नका. मधे मासळीवाली येते हे खरं. दाराजवळ झाकणाचं भांडं आणि सुटे पैसे ठेवा, काय घ्यायचं ते आदल्या रात्री ठरवा, आणि शक्य असेल तर घरातल्या एकाच माणसाकडे ते काम सोपवा. "बांगडे आहेत, घेऊ की मोरी?" हा प्रश्न विचारायला कोणी खोलीत येतो, तेव्हा मिनिट एकच जातं, पण तंद्री मोडते.

ज्या घरांत सोमवारी किंवा गुरुवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असतं त्यांनी आठवड्यातली सर्वांत लांब बैठक त्या दिवशी ठेवावी. मासळीची भानगड नाही, स्वयंपाक लवकर आटोपतो. श्रावण तर अख्खा महिना तसा. मोठा अहवाल, प्रबंधाचं प्रकरण, परीक्षेचा अवघड विषय श्रावणात घ्यावा आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी हातावेगळा करावा.

बैठक सुरू करायला रोजची खूण वापरा. 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं नेमकं ठरवलं तर ठरवलेलं पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात मांडलं, आणि त्यानंतर त्यावर बरंच संशोधन झालं. 'सकाळी काम करीन' यातून काही होत नाही. 'शाळेच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला की वही उघडीन' हे चालतं. संध्याकाळी पोदेर पुन्हा येतो, त्याचा भोंपू काम संपवायची खूण: परतीची चिठ्ठी लिहायची, लॅपटॉप मिटायचा, त्यावर कापड टाकायचं आणि पाव घ्यायला बाहेर पडायचं. कापड टाकणं पोरकट वाटेल. पण घरातच कचेरी असली की काम संपल्याचं डोळ्यांना दिसावं लागतं, नाहीतर रात्री दहाला 'एकच ईमेल' म्हणून झाकण पुन्हा उघडतं.

फोन

बैठकीत फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर ठेवणं पुरेसं नाही. २०१७ मध्ये एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत फोन बंद असूनही टेबलावर असलेल्यांची कामगिरी फोन दुसऱ्या खोलीत असलेल्यांपेक्षा कमी भरली. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत परिणाम तितका ठळक दिसला नाही, पण खोली बदलायला खर्च काही नाही. इथे एक गोष्ट बिनसते: ओटीपी. बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं काम असलं की मधेच फोन आणायला उठावं लागतं, आणि ओटीपीसाठी गेलेला माणूस पंधरा मिनिटांनी परततो. ओटीपी लागणारी सगळी कामं एकत्र करून बैठकीबाहेर काढा.

'घरी काही झालं तर?' ही भीती रास्त आहे आणि तिची सोय फोनमध्येच आहे. डू नॉट डिस्टर्ब चालू करा आणि त्यात आई-वडील, जोडीदार, शाळा यांचे क्रमांक अपवाद म्हणून घाला. रिपीट कॉलर्स ही सोय चालू ठेवली तर अँड्रॉइडवर एकाच माणसाचा पंधरा मिनिटांत दुसरा फोन आला की घंटी वाजते. आयफोनवर हीच मुदत तीन मिनिटांची. घरच्यांना एवढंच सांगा: "घाईचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा."

व्हॉट्सॲपला वेगळं हाताळावं लागतं, कारण गोव्यात गावच व्हॉट्सॲपवर आहे: वाड्याचा गट, देवस्थानाचा, शाळेचा, भजनी मंडळाचा, जुन्या वर्गमित्रांचे दोन. गट सोडला तर लोक दुखावतात. सोडू नका, तीन वाटण्या करा. पहिली कामाची. दुसरी, जिथे आजारपण आणि मरण-धरणाची बातमी येते ते. तिसरी बाकी सगळे. तिसरीतले गट 'ऑलवेज' म्यूट करा आणि आर्काइव्हमध्ये टाका. सेटिंग्जमध्ये 'कीप चॅट्स आर्काइव्ह्ड' चालू असेल तर नवा संदेश आला तरी गट वर येत नाही. दुसऱ्या वाटणीसाठी भाऊ किंवा वहिनी यांच्यापैकी एकाला सांगून ठेवा, की कोणी गेल्याचं कळलं तर फोन कर. अंत्यविधी चुकेल या धास्तीनेच कित्येक जण दर दहा मिनिटांनी गट पाहतात, आणि ती धास्ती एका फोनने मिटते. निधनवार्ता दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही असतातच.

मग व्हॉट्सॲप पाहायच्या तीन वेळा: पेजेनंतर, दुपारच्या चहाला, रात्री जेवणाआधी, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलं तर हे सगळं फुकट जातं. फोन माजघरात आणि टॅबवर लाल आकडा, असा प्रकार होतो. वेबवरून लॉग आउट करा.

रील्सच्या ॲपवर वेळेची मर्यादा लावून फारसं काही होत नाही, कारण मर्यादा उठवणारं बटण तिथेच असतं. ॲप काढून टाकलं तरी माणूस ब्राउझरमधून पोचतो. त्यापेक्षा दर वेळी लॉग आउट करा, पासवर्ड फोनमध्ये साठवू नका, वहीत लिहून वही कपाटात ठेवा. उठून कपाट उघडेपर्यंत आपण काय करतो आहोत हे ध्यानात येतं. ज्याला खरंच पाहायचं आहे तो कपाट उघडून पाहतो, त्यात वाईट काही नाही.

बातम्यांसाठी छापील मराठी दैनिक घ्या. 'गोमन्तक' असो, 'नवप्रभा' असो, 'तरुण भारत' असो, पेपर शेवटच्या पानावर संपतो. फोनवरच्या बातम्यांना शेवटचं पान नसतं.

कचेरीत

माणसं टेबलाशी येतात, विचारतात, बसतात, आणि गोव्यात येणाऱ्याला उभ्या उभ्या परतवणं बरं दिसत नाही. म्हणून नकार देऊ नका, वेळ द्या: "साडेअकराला चहाला जाऊया, तेव्हा सांग." वेळ नेमकी सांगितली आणि पाळली तर आठवड्याभरात लोक त्या वेळेला येऊ लागतात. 'नंतर बघू' म्हटलं तर दर अर्ध्या तासाने डोकावतात. वेळ देऊन विसरलात तर पुढच्या वेळी तुमचा शब्द कोणी धरत नाही, तेव्हा ती वहीच्या वरच्या कोपऱ्यात टिपून ठेवा.

खिडकीवर किंवा काउंटरवर बसणाऱ्यांना बैठक मिळतच नाही. त्यांनी तिचा हट्ट धरू नये. दोन ग्राहकांच्या मधे चिठ्ठीच्या आधारे फायली पुढे सरकवाव्यात आणि खिडकी बंद झाल्यावरची चाळीस मिनिटं राखावीत. घरीही जमत नाही, कचेरीतही नाही, अशांसाठी पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोडते. तिथे जाताना एकच काम न्या. तीन फायली नेल्या तर कुठली उघडायची यातच पहिला अर्धा तास जातो.

दुपार

शीत-कढी खाऊन दोन वाजता डोकं लावून काम करायचा प्रयत्न शरीराविरुद्ध आहे. जेवण हलकं असलं तरी दुपारी सावधपणा थोडा उतरतोच. पडायची सोय असेल तर तीनच्या आत वीस मिनिटं पडा, गजर लावून. अर्ध्या तासापलीकडे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा तासभर डोकं जड राहतं. रात्री झोप लागत नसेल तर दुपारची झोप आधी बंद करा. कॅफीन रक्तातून निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं, त्यामुळे चारच्या चहानंतर पुन्हा चहा नको. वीजबिल, फायली लावणं, नक्कल करणं, फोन फिरवणं ही कामं दुपारसाठीच राखा. बरीच दुकानं तेव्हा बंद असतात, बाजारहाटही होत नाही.

वीज गेली तर

मे-जूनपासून वीज जाणं गृहीत धरा. वहीच्या शेवटच्या पानावर 'वीज नसताना' अशी यादी ठेवा: छापलेला मसुदा तपासणं, पुढच्या अहवालाचे मुद्दे हाताने काढणं, पुस्तकातलं प्रकरण वाचणं. यादी नसली की वीज गेल्या क्षणी फोन उघडतो आणि वीज आल्यावरही मिटत नाही.

राउटरसाठी लहान यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे पाहा. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. विजा कडाडू लागल्या की हा यूपीएसही भिंतीतून काढा. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात हे विशेष.

पाहुणे

मोसम सुरू झाला की पुण्या-मुंबईचे, बेळगावचे आप्त येतात. त्यांची सुट्टी असते, आपली नसते, आणि ही गोष्ट कोणीच स्पष्ट बोलत नाही. यायची तारीख ठरताच लिहून कळवा: "जरूर या. गुरुवार-शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही कामात असू, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार पूर्ण तुमच्याबरोबर." दिवस आधी सांगितले तर कोणाला लागत नाही. पाहुणे दारात आल्यावर सांगितले तर लागतं. सोबत एक कागद तयार ठेवा: जुन्या गोव्यातली चर्च, मंगेशी-म्हार्दोळ, दिवाडीची फेरीबोट, जवळचं खात्रीचं जेवण, भाड्याची दुचाकी कुठे मिळते, घराची जादा किल्ली कुठे आहे. हा कागद वर्षानुवर्षं चालतो. आणि शनिवारी त्यांच्याबरोबर असाल तेव्हा फोन घरात ठेवून निघा.

'हो' म्हणण्याआधी

जत्रेच्या नाटकाची तालीम, देवस्थानाची समिती, महिला मंडळ, भजनी मंडळ: यांतलं काहीही वायफळ नाही. अडचण होते ती सगळ्यांना 'हो' म्हटल्याने. वर्षातून दोनदा, शिमग्यानंतर आणि दिवाळीनंतर, एका पानावर चालू असलेल्या सगळ्या जबाबदाऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे आठवड्याचे तास मांडा, जाण्यायेण्याचे धरून. बेरीज पाहिली की एखादी सोडावी लागेल हे सांगायला दुसरं कोणी लागत नाही. नवी घ्यायची तर आधी जुनी एक संपवा. नाटकात भूमिका घेतली असेल तर तालमीचा महिना वेगळा धरा. रात्री बारापर्यंत तालीम आणि सकाळी सत्तर मिनिटांची बैठक ही जोडी टिकत नाही. त्या महिन्यात बैठक पंचवीस मिनिटांची, रोज एकच.

चवथीच्या आठवड्यात तेवढीही ठेवू नका. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायची आहे, नेवऱ्या (करंज्या) करायच्या आहेत, माणसं येणार आहेत. आदल्या दिवशी प्रत्येक चालू कामाची परतीची चिठ्ठी लिहून वही बंद करा. गणपती पोचवून आल्यावरच्या पहिल्या सोमवारी वही उघडा, चिठ्ठीतलं पहिलं पाऊल घ्या आणि पंचवीस मिनिटांपासून सुरुवात करा. तीन रकान्यांचा कागदही पुन्हा तीन दिवस भरा. शाळेची सहामाही परीक्षा, पाहुण्यांचा मोसम, कचेरीतल्या बदल्या यांनी तोवर काम तोडणाऱ्या गोष्टी बदललेल्या असतात.